मुलांच्या हाताला येईल असे कपाट

प्रति,
महाराष्ट्रातील शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि सर्व सदस्य यांस,



२४ पानांचे एक चित्रपुस्तक ग्रंथालयात येते तेव्हा त्याचे पुढे काय होते, इथूनच सुरुवात करू. छापखान्यातून निघताना त्याच्या मुखपृष्ठावर चित्रकाराने मन लावून काढलेले चित्र असते. मुलाने लांबून पाहावे आणि हात पुढे करावा, एवढ्यासाठीच ते काढलेले असते. ग्रंथालयात आल्यावर पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो, ठरलेल्या पानांवर शिक्के बसतात. मग ते टिकावे म्हणून पुष्कळ ठिकाणी बांधणीला जाते आणि परत येते ते जाड पुठ्ठ्यात, काळ्या किंवा तपकिरी कापडात. मुखपृष्ठ गेलेले असते. २४ पानांच्या पुस्तकाचा कणा तो केवढा? त्यावर नाव मावत नाही, आकडा तेवढा मावतो. असे पुस्तक काचेच्या कपाटात उभे राहिले की बाहेरून दिसते ती नुसती एक रेघ. कपाटाला कुलूप असते आणि किल्ली देवघेवीच्या टेबलाच्या खणात.

तिसरीतल्या मुलीला त्या कपाटातले पुस्तक हवे असेल तर तिला आधी त्याचे नाव ठाऊक असायला हवे. जे कधी पाहिलेच नाही त्याचे नाव तिला कुठून ठाऊक असणार?

हे पत्र मंत्र्यांना किंवा ग्रंथालय संचालकांना न लिहिता आपल्याला लिहिण्याचे कारण या किल्लीत आहे. महाराष्ट्रातली सार्वजनिक ग्रंथालये सरकारने उभी केलेली नाहीत. ती गावांनी उभी केली. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५०चे. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चे आणि मुंबईचे १८९८चे. वकील, शिक्षक, कारकून, व्यापारी अशा माणसांनी वर्गण्या गोळा करून, स्वतःची पुस्तके देऊन ही घरे बांधली. पुढे १९६७चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला तेव्हा तमिळनाडूसारखा ग्रंथालय कर या राज्याने बसवला नाही. संस्थांनी ग्रंथालये चालवावीत, शासनाने त्यांना मान्यता आणि अनुदान द्यावे, अशी रचना झाली. १९७०च्या नियमांनी त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले. त्यामुळे कपाटाला कुलूप असावे की नसावे, मुलांची वेळ कोणती, अनामत किती, हे आजही मंत्रालयात ठरत नाही. ते आपल्या मासिक सभेत ठरते.

आपली अडचण ठाऊक नाही असे नाही. ड वर्गाच्या ग्रंथालयाला कितीतरी वर्षे वर्षाकाठी ३० हजार रुपये मिळत होते. दहा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर ६० टक्के वाढ झाली, तेव्हा ते ४८ हजार झाले. म्हणजे महिन्याला ४ हजार. त्यात कर्मचाऱ्याचे वेतन, दैनिके, नियतकालिके, वीज, पुस्तके आणि बांधणी. एवढ्या पैशात जो माणूस संध्याकाळी दार उघडतो, झाडलोट करतो, वर्तमानपत्रे लावतो आणि पुस्तके देतो, त्याच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार कोणालाच नाही. शासनाने या माणसांना सन्मानाने जगता येईल एवढे वेतन द्यावे, ही मागणी रास्त आहे आणि ती करत राहिलेच पाहिजे. पण ती पूर्ण होईपर्यंत आज सात वर्षांची असलेली मुले वयाने थांबणार नाहीत. म्हणून जे आपल्या हातात आहे, त्याविषयी हे पत्र.

वरच्या वर्गातल्या ग्रंथालयांना बालविभाग असावा, ही अपेक्षा जुनीच आहे आणि पाटीवर ‘महिला व बाल विभाग’ अशी अक्षरे पुष्कळ ठिकाणी दिसतातही. काही जुन्या, मोठ्या ग्रंथालयांनी मुलांसाठी खरोखरच वेगळी दालने केली आहेत, सुट्टीत उपक्रम घेतले आहेत. पण तालुक्याच्या आणि मोठ्या गावाच्या पातळीवर पाटीखाली जाऊन पाहिले तर बहुतेकदा एक कपाट सापडते. खोली मिळालीच तर तिथे अभ्यासिका असते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली सकाळपासून रात्रीपर्यंत तिथे बसतात. घरात जागा नसलेल्या, शहरात खोली घेणे न परवडणाऱ्या या तरुणांना ग्रंथालयाने जागा दिली हे फार मोलाचे काम झाले. मात्र अभ्यासिकेला शांतता लागते आणि सात-आठ वर्षांचे मूल पुस्तक पाहते तेव्हा बोलते. ते चित्रावर बोट ठेवते, शेजारच्याला दाखवते, हसते, मोठ्याने अक्षरे लावते. हा त्याच्या वाचनाचाच भाग आहे. ‘शांतता राखा’ या पाटीखाली ते वाचन होत नाही. दोन गरजा एकमेकींसमोर आल्या आणि जिचे वय लहान होते ती मागे हटली.

दुसरा अडसर अनामतीचा. रोजंदारीवरच्या घरात मुलाच्या पुस्तकासाठी अनामत रक्कम, मासिक वर्गणी आणि पालकाची सही, एवढे सगळे जमवून येणारे मूल विरळाच. अनेक ठिकाणी फॉर्मवर दोन वर्गणीदारांची शिफारसही लागते. ज्या घरातून आजवर कोणीच ग्रंथालयाची पायरी चढलेले नाही, त्या घराने दोन वर्गणीदार कुठून आणायचे?

या प्रश्नाला एक जुने उत्तर आहे. ॲन कॅरोल मूर ही तरुण ग्रंथपाल १८९६ मध्ये ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये मुलांच्या खोलीचे काम पाहू लागली. त्या काळी अमेरिकेतल्या बहुतेक ग्रंथालयांत लहान मुलांना आत येऊ देत नसत. पुस्तके खराब होतील, गोंगाट होईल, हीच कारणे. मूर १९०६ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आल्या आणि शहरभरच्या शाखांतल्या मुलांच्या विभागांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांनी शांततेच्या पाट्या काढल्या, पुस्तके उघड्या फडताळांवर ठेवली, गोष्टींचे तास सुरू केले. सभासद होण्यासाठी मुलाने एक गोष्ट करायची होती: एका मोठ्या वहीत स्वतःच्या हाताने स्वतःचे नाव लिहायचे आणि पुस्तके जपण्याचे, नियम पाळण्याचे वचन द्यायचे. न्यूयॉर्क तेव्हा स्थलांतरितांचे शहर होते. गोदीवर, शिवणकारखान्यांत राबणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या आईबापांची मुले त्या वहीपाशी रांगेत उभी राहत. ज्याला नाव लिहिता येते तो सभासद, इतकी साधी ती अट. मुलाच्या शब्दाला किंमत आहे हे एका सार्वजनिक संस्थेने त्याला सांगितले. हे आपल्याकडे आजही करता येईल. त्याला लागते एक वही.

हे सगळे साता समुद्रापलीकडचे वाटेल, पण ते आपल्या अगदी दारापर्यंत आलेले होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्याच वर्षी अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. शाळेत अक्षरे शिकलेला माणूस पुढे वाचायला काही मिळाले नाही तर ती अक्षरे विसरतो, हे त्यांनी ओळखले होते. १९१० मध्ये त्यांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला बोलावून घेतले. पुढच्या तीन वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली, ग्रंथपालांना शिकवायचे वर्ग सुरू झाले, फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या खेड्यांकडे निघाल्या. त्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग होते. शंभर वर्षांहून जुनी ही गोष्ट आहे आणि ती एका मराठी राजाने केलेली आहे. बडोद्याचे मराठीपण आपण कवितेत, गाण्यात, चित्रकलेत अभिमानाने सांगतो. मुलांच्या त्या दालनाची आठवण मात्र आपल्या ग्रंथालयांच्या शताब्दी समारंभांत क्वचितच निघते.

आता दक्षिणेकडची राज्ये. चेन्नईचे अण्णा शताब्दी ग्रंथालय २०१० मध्ये उघडले. त्यातला मुलांचा प्रशस्त विभाग पाहून कोणाचेही मन भरून येईल. पण त्यामागे सरकारी तिजोरी आहे. त्याची तुलना तालुक्याच्या ग्रंथालयाशी करण्यात अर्थ नाही.

तुलना करायची तर केरळशी करावी, कारण तिथली ग्रंथालयेही आपल्यासारखीच गावकऱ्यांनी चालवलेली आहेत. १९४५ मध्ये पी. एन. पणिक्कर या शिक्षकाने ४७ ग्रंथालये एकत्र आणून त्रावणकोरचा ग्रंथशाला संघ काढला. (त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, भारताच्या भूमीवरचा तो पहिला. सुरुवात दोन्हीकडे एकाच वर्षी झाली होती.) आज केरळमध्ये राज्य ग्रंथालय परिषदेशी जोडलेली हजारो ग्रंथालये आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांची स्वतःची ‘बालवेदी’ असते. बालवेदी म्हणजे मुलांचे मंडळ. मुले ठरलेल्या दिवशी जमतात, वाचलेल्या पुस्तकावर बोलतात, नाटुकली बसवतात, गावात फिरून माहिती गोळा करतात. ग्रंथालयाच्या कामात मुलांचा असा वाटा असला की मोठेपणी त्यांच्यातूनच कार्यकर्ते मिळतात. आपल्या कार्यकारी मंडळांत पन्नाशीच्या आतले सदस्य किती आहेत, हे ज्याचे त्याने मोजावे. नवी माणसे येत नाहीत ही आपली तक्रार खरी आहे. तिचा एक धागा त्या बंद कपाटापर्यंत जातो.

कर्नाटकात नोव्हेंबर २०२० मध्ये, महामारीत शाळा बंद असताना, ‘ओदुव बेळकु’ नावाची मोहीम सुरू झाली. नावाचा अर्थ वाचनाचा उजेड. ग्रामपंचायतींची ग्रंथालये तिथे आदल्या वर्षीच ग्रामविकास विभागाकडे आली होती. त्यांची संख्या ५,६००हून अधिक. ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला त्या ग्रंथालयाचे सभासदत्व मोफत करण्यात आले. ग्रंथपाल शाळांच्या याद्या घेऊन घरोघर गेले, लाखो मुलांची नावे नोंदली गेली. हे ज्यांनी केले ते ग्रंथपाल काही गलेलठ्ठ पगारावर नव्हते. तुटपुंज्या मानधनावरचीच माणसे ती. बदलले ते एवढेच, की मुलांची नोंद हे त्यांच्या कामाचे पहिले माप ठरले. आपल्याकडे वर्ग ठरतो तो ग्रंथांची संख्या, दैनिके आणि नियतकालिके किती, दार किती तास उघडे, वर्गणीदार किती, यांवर. वर्षभरात किती मुलांनी किती पुस्तके घरी नेली, हा आकडा दर्जा ठरवताना निर्णायक व्हायला हवा. ही मागणी संचालनालयाकडे आपणच, राज्याच्या ग्रंथालय संघामार्फत, जोर लावून केली पाहिजे.

वाचनाचे उपक्रम आपण घेत नाही असे नाही. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस २०१५पासून राज्यात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशी ग्रंथालयांत प्रतिमापूजन होते, पाहुण्यांचे भाषण होते, निबंध, वक्तृत्व आणि हस्ताक्षर स्पर्धा होतात, बक्षिसे दिली जातात. हे सगळे करणाऱ्यांची तळमळ खरी असते. तरी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी: स्पर्धा हा वाचनाचा उपक्रम नव्हे. स्पर्धेत ज्याला आधीच येते तो पुढे येतो आणि ज्याला येत नाही तो प्रेक्षक होतो. ज्या मुलाला अडखळत वाचता येते, त्याच्यासाठी त्या दिवसात काही नसते. आणि खरी गरज त्यालाच आहे.

त्याच्यासाठी करायचे ते फार साधे आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळी कोणीतरी त्याला पुस्तक वाचून दाखवायचे. बस्स. सतरंजीवर मुले बसवायची. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरायचे, चित्र सगळ्यांना दिसेल असे फिरवायचे. घाई करायची नाही. पान उलटण्याआधी क्षणभर थांबायचे, म्हणजे पुढे काय होईल याचा अंदाज मुले आपोआप बांधू लागतात. गोष्ट संपल्यावर ‘यातून आपण काय शिकलो’ हा प्रश्न विचारायचा नाही. मुलांनी स्वतःहून काही विचारले तर ऐकायचे, नाही विचारले तर तेच पुस्तक पुढच्या वेळी पुन्हा वाचायचे. लहान मुलांना तीच गोष्ट दहा वेळा हवी असते आणि त्या दहा वेळांत ती शब्दांना ओळखू लागतात. वाचून दाखवलेले पुस्तक त्याच दिवशी घरी न्यायला द्यायचे. ज्याची गोष्ट कानांनी आधीच ऐकली आहे, ते पुस्तक अडखळणाऱ्या मुलालाही पेलते, कारण पुढचा शब्द काय असेल हे त्याला अर्धे ठाऊक असते. वाचायला शिकण्याची ही वाट आहे आणि ती ग्रंथालयाला शाळेपेक्षा जास्त मोकळी आहे, कारण इथे परीक्षा नाही.

हे काम जिवंतपणे करणारी माणसे आपल्या आसपास आहेत. पालघर जिल्ह्यात काम करणाऱ्या ‘क्वेस्ट’ या संस्थेने ‘गोष्टरंग’ नावाचा उपक्रम चालवला. त्यात प्रशिक्षित तरुण कलाकार मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी रंगमंचाच्या अंगाने सादर करतात आणि ती पुस्तके मुलांच्या हाती पोचवतात. पणजीचे ‘बुकवर्म’ २००५ मध्ये सुरू झाले. तिथले कार्यकर्ते पुस्तके घेऊन शाळांत आणि वस्त्यांत जातात, मुलांसोबत बसून वाचतात, ठरलेल्या दिवशी पुन्हा येतात. नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले. पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे जातात आणि आपापसात फिरत राहतात. तुरुंगातल्या बंद्यांपासून दुबईतल्या मराठी घरांपर्यंत त्या पोचल्या आहेत. बडोद्याच्या पेट्यांचीच ही नात म्हणायची. तालुक्याच्या ग्रंथालयाने अशा पाच पेट्या मुलांच्या पुस्तकांनी भरून आसपासच्या पाच वाड्यांवर फिरवल्या तर त्यासाठी नवी इमारत लागत नाही.

भाषेचा मुद्दा इथेच बोलायला हवा. धुळ्याच्या मुलाच्या घरात अहिराणी असते, सावंतवाडीच्या मुलाच्या घरात मालवणी, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारच्या डोंगरात भिली आणि पावरी. पुस्तक प्रमाण मराठीतले असले तरी गोष्टीचा तास घरच्या बोलीत का होऊ नये? पुरा बेलप्रे ही पोर्तो रिकोहून आलेली तरुणी १९२१ मध्ये मूर यांच्याच न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत कामाला लागली. तिथल्या फडताळांवर आपल्या बेटाची एकही लोककथा नाही हे तिला दिसले. मग आजीकडून ऐकलेली उंदीर आणि झुरळिणीची गोष्ट ती मुलांना सांगू लागली, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्येही. १९३२ मध्ये त्या गोष्टीचे पुस्तक निघाले. मुलांच्या विभागात सांगितलेली गोष्ट पुढे त्याच विभागातल्या फडताळावर येऊन बसली. आपल्या गावातल्या आज्यांकडे असे काय काय असेल, याची मोजदाद अजून झालेली नाही. महिन्यातून एका शनिवारी गावातल्या एखाद्या आजीला ग्रंथालयात बोलवावे. तिने बोलीत सांगितलेली गोष्ट वरच्या वर्गातल्या मुलांनी लिहून घ्यावी, चित्रे काढावीत, आणि त्या वहीला दाखल क्रमांक द्यावा.

पुस्तकांच्या निवडीबद्दल. मराठीत लहान मुलांसाठी चांगले काही निघत नाही, हे वाक्य मंडळांच्या सभांतून सहज बोलले जाते. ते आता खरे राहिलेले नाही. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’, ‘वाचू आनंदे’ ही पुस्तके ज्योत्स्ना प्रकाशनाने काढून बरीच वर्षे झाली. पुरंदऱ्यांना बालसाहित्यासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका स्वस्त आहे आणि मराठीतही आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’वर मराठी चित्रपुस्तके मोफत आहेत, ती उतरवून घेता येतात, छापता येतात, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघते आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर खुले आहेत. मोठ्या मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही तितकाच पळतो.

मग कपाटात वेगळेच का दिसते? कारण खरेदी होते ती वर्षअखेरीला, एका फटक्यात, सर्वांत जास्त सवलत देणाऱ्याकडून. गठ्ठ्याने येतात त्या बोधकथा, थोरांची त्याच त्या साच्यातली चरित्रे, निबंधमाला, सामान्यज्ञान. पातळ आणि स्वस्त पुस्तकांनी ग्रंथसंख्येचा आकडा भरतो. मुले ती उघडत नाहीत आणि मग मुलांना वाचायची आवड नाही असा निष्कर्ष निघतो. या वर्षी एक प्रयोग करून पाहावा: बालविभागाच्या खरेदीच्या वेळी वेगवेगळ्या वयांची सहा मुले-मुली सोबत न्यावीत आणि निम्मी पुस्तके त्यांनी निवडावीत.

राहिली भीती, पुस्तक फाटेल आणि हरवेल ही. ग्रंथपालाची ही भीती समजण्यासारखी आहे. तपासणीला अधिकारी येतात तेव्हा दाखल नोंदवही आणि कपाट जुळावे लागते आणि जुळले नाही तर त्याच्याकडे बोट जाते. पण डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची आपली पाच सूत्रे मांडली तेव्हा पहिला मान पुस्तकांच्या वापराला दिला होता, जपणुकीला नव्हे. मुलांचे पुस्तक दोन-तीन वर्षांत हाताळून झिजले तर त्याने आपले काम केले. अशी पुस्तके रीतसर बाद करण्याचा ठराव मंडळाने दरवर्षी न चुकता करावा, आणि त्यात ग्रंथपालाला दोष लागणार नाही असे स्पष्ट लिहावे. बालविभागातल्या झिजेची जबाबदारी मंडळाची आहे असा एक ओळीचा ठराव झाला, तरी पुष्कळ ठिकाणची कुलुपे त्याच संध्याकाळी निघतील. आणि चित्रपुस्तकांना कापडी बांधणी करू नये. पारदर्शक प्लॅस्टिकचे वेष्टन घालावे. त्याने पुस्तकही टिकते आणि मुखपृष्ठही दिसते.

पैशांचे मार्ग थोडे आहेत, पण आहेत. कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानकडे मुलांच्या कोपऱ्यासाठी साहाय्य देणारी योजना आहे. प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या मार्फत पाठवता येतो. २०२३-२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुलांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जाहीर झाले, तेव्हाच पंचायत आणि वॉर्ड पातळीवर प्रत्यक्ष ग्रंथालये उभारण्यास राज्यांना उत्तेजन देण्याचे शब्दही होते. त्या शब्दांचा पाठपुरावा ग्रामपंचायतीकडे आणि नगरपालिकेकडे करता येईल. वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला देणगी देणारे गावात असतातच. त्यांना पाच हजारांत मुलांची किती पुस्तके येतात याची छापील यादी दाखवावी.

आणि पैसे लागतच नाहीत असेही बरेच आहे. तीन फुटांपेक्षा उंच नसलेले एक उघडे फडताळ. जुन्या कपाटाची दारे काढली आणि वरचे खण मोकळे ठेवले तरी चालते. पुस्तके कण्याने नव्हे, तोंडाने मांडायची, एका खणात पाच-सहाच, आणि दर आठवड्याला बदलायची. शाळा सुटल्यानंतरचा दीड तास मुलांचा. तेवढ्या वेळात आवाज चालेल, हे अभ्यासिकेतल्या तरुणांना आधी सांगून ठेवायचे, किंवा मुलांना ओटीवर, शेजारच्या शाळेच्या वर्गात, देवळाच्या मंडपात बसवायचे. त्या तरुणांतल्याच एखाद्याला आठवड्यातून एकदा वाचून दाखवायला सांगितले तर बहुधा तो नाही म्हणणार नाही. निवृत्त शिक्षिका आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, अध्यापक विद्यालयाचे विद्यार्थी आहेत. वेळापत्रक लिहून दारावर लावायचे आणि एकच मूल आले तरी तो तास रद्द करायचा नाही. सुरुवातीचे दोन महिने मुले कमी येतील. ती पाहत असतात, की मोठी माणसे शब्दाला जागतात का.

मे महिना यासाठी सर्वांत सोयीचा. शाळा बंद, दुपार लांब, मामाच्या गावाला न जाणारी मुले पुष्कळ. परीक्षा संपल्यापासून जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत मुलांचे सभासदत्व अनामतीशिवाय, वर्गणीशिवाय खुले करावे. एक वही टेबलावर ठेवावी आणि येणाऱ्या मुलाने तिच्यात आपले नाव आपल्या हाताने लिहावे. ज्याला अजून लिहिता येत नाही त्याने चित्र काढावे. जूनमध्ये ती वही आणि हरवलेल्या पुस्तकांची यादी दोन्ही सभेपुढे ठेवावीत आणि मगच पुढच्या वर्षाचा निर्णय घ्यावा.

या पत्राची शेवटची विनंती वार्षिक अहवालाविषयी आहे. आपल्या अहवालात वर्षभरातली देवघेव, दैनिके, नवी खरेदी, झालेली व्याख्याने, देणगीदारांची नावे असे सगळे असते. यंदा त्यात एक ओळ वाढवावी: १४ वर्षांखालील मुलांनी या वर्षात घरी नेलेली पुस्तके, एकूण इतकी. आकडा शून्य असला तर शून्य छापावा, आणि वार्षिक सभेत तो मोठ्याने वाचून दाखवावा.



आपला,
एक मराठी वाचक